रेघेच्या वरचं डिझेल

कॅबिनच्या काचेवर दगड आदळला तेव्हा मी माप ठेवायला सपाट जागा शोधत होते. दगड लहान होता, काचेला नुसता तडा गेला. पण पुढचा दगड लहानच असेल असं नव्हतं.

मी वैधमापन निरीक्षक. हा शब्द कुणाला कळत नाही, म्हणून लोक सरळ 'वजनमापेवाल्या बाई' म्हणतात. दुकानातला तराजू, डेअरीतला काटा, पंपाचं नोझल खरं बोलतंय की खोटं, हे बघायचं माझं काम. माझी आई अजून विचारते, "वजनंच तर तपासायची, त्यात एवढं दमायला काय होतं गं?" तिला एकदा त्या पंपावर न्यायला हवं होतं.

पंप सोनईच्या अलीकडचा. उसाचा हंगाम, टळटळीत दुपार. तिथल्या मॅनेजरचा, अशोकचा फोन आला. "म्याडम, लगेच या. लोकांनी कॅबिनला वेढा घातलाय. मला बाहेर वढायचं म्हणत्यात." मागे दारावर धपाधप आवाज येत होते. पोलिसांना त्याने आधीच कळवलं होतं, ते निघालेही होते. पण आमच्याकडे 'निघालो' आणि 'पोचलो' यांत बरंच अंतर असतं. मी दुसऱ्या एका तपासणीसाठी जवळच होते, म्हणून आधी पोचले. बरोबर आमचे सहायक जाधव आणि गाडीत पाच लिटरचं माप. एवढीच आमची फौज.

भानगड कॅनची होती. उसाचे ट्रॅक्टरवाले टाकीत भरतातच, शिवाय शेतावर ठेवायला कॅनमध्ये डिझेल नेतात. पाथर्डीकडचा संपत नावाचा एक ट्रॅक्टरवाला पस्तीस लिटरचा कॅन घेऊन आला. तोंडापर्यंत भर म्हणाला. कॅन भरला तेव्हा पंपावर आकडा होता साडेसदतीस.

"पस्तीसच्या कॅनात साडेसदतीस बसलंच कसं, ते सांगा!" मला बघताच तो कॅन उचलून पुढे आला. धिप्पाड माणूस, डोळे लालबुंद. "आमी काय येडे हाय का, म्याडम?"

प्रश्न बिनतोड वाटतो. वाटतोच. पण कॅनवर छापलेला आकडा म्हणजे माप नव्हे. पस्तीसचा कॅन खांद्यापर्यंत, म्हणजे मानेच्या खालीच, पस्तीस घेतो. तोंडापर्यंत भरला तर जास्तच घेतो, आणि उन्हात फुगलेला प्लास्टिकचा कॅन आणखी थोडं घेतो. हे मी सांगायला लागले, तर मागून कुणीतरी ओरडलं, "बाई पंपवाल्याचीच हाय!" घोळक्यात एक जण तोंडात बिडी धरून उभा होता. न पेटवलेली, पण काडेपेटी हातात. तो ती खुळखुळवत माझ्याकडे बघत होता. जमिनीखाली हजारो लिटर डिझेल, आणि हा बाबा काडेपेटी वाजवतोय! माझी बोबडी वळायची बाकी होती.

जाधव कानाशी म्हणाले, "म्याडम, पोलीस आल्यावर बघू. चला गाडीत." मला जायचं होतं हो, खोटं कशाला बोलू. पण काचेतून अशोक दिसत होता. चाळिशीचा माणूस, दाराला टेबल लावून त्यावर पाठ टेकून उभा. मला बघून त्याने हात जोडले. मी गाडीत बसले असते तर ते दार पाच मिनिटंही टिकलं नसतं.

"मी माप घेणार आहे," मी ओरडले. "सगळ्यांसमोर. तोवर दाराला कुणी हात लावायचा नाही."

संपत म्हणाला, "घ्या की. आन निघालं खोटं, तर मंग तुमी मधी पडायचं न्हाई."

मी मान हलवली. आता विचार केला की कळतं, केवढी मोठी चूक होती ती.

आमचं माप म्हणजे स्टीलचं उभट भांडं, मान अरुंद. मानेवर रेघ असते, तिथपर्यंत बरोबर पाच लिटर. रेघेच्या वरखाली थोडी सूट असते. पाच लिटरला पंचवीस मिलीलिटर. मान अरुंद असल्याने चमचाभर फरकही लपत नाही. असं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं, आणि शंका आली तर कुणीही गिऱ्हाईक ते मागू शकतं. पण मागतो कोण? आपण आकड्याच्या शून्याकडे बघतो आणि समाधान मानतो.

पहिलं माप भरून मी न वाचताच परत टाकीत ओतलं. कोरडं भांडं थोडं डिझेल अंगाला धरून ठेवतं, म्हणून आधी ते ओलं करून घ्यायचं असतं. पण लोकांना काय माहीत? "ए, पयलं का वतलं? त्यात चोरी दिसली आसंल!" घोळका दोन पावलं पुढे सरकला. माझ्या पाठीला पंप टेकला, एवढीच जागा उरली.

दुसरं भरलं. मी वाकून पाहिलं. रेघ सुटली होती. तिसरं भरलं. पुन्हा तेच.

"माप चुकतंय का?" संपतने विचारलं.

मी पुन्हा एकदा रेघ पाहिली. नोझल चुकत होतं, पण उलट्या बाजूने. डिझेल रेघेच्या वर उभं होतं, साठेक मिलीलिटर. म्हणजे प्रत्येक पाच लिटरमागे गिऱ्हाइकाला अर्धा कप चहाएवढं फुकट जात होतं. नोझलला जोडलेलं मीटर झिजलं की असं होतं. पंपवाले रोज सकाळी स्वतः माप घेतात, पण इथे हंगामाच्या गर्दीत फक्त पुढच्या नोझलचं घेत होते. हे मागचं, ट्रॅक्टरवाल्यांचं. त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

आता माझी गंमत बघा. जास्त देणारं नोझलही चुकीचंच. ते मला बंद करून सील ठोकावंच लागतं, कायद्याला दोन्ही बाजू सारख्या. आणि सील म्हणजे काय, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक: सील लागलं, म्हणजे चोरी सापडली. मी सीलची पक्कड काढली, की हे दार फोडणार. नाही काढली, की मी पैसे खाल्ले. इकडे आड, तिकडे विहीर, मधे मी. भरलेलं माप मी जाधवांच्या हातात दिलं.

"बोला की, म्याडम! चुकतंय ना?"

"चुकतंय," मी म्हणाले.

एकच गलका झाला. दारावर लाथ बसली. आत अशोकचं टेबल करकरलं. "वढा त्याला!" "आधी काच फोडा!" कुणीतरी मला बाजूला ढकललं. मी संपतचा दंड धरला. कसा धरला, देव जाणे.

"दादा, माप तुम्ही भरा! तुमच्या हाताने भरा आणि तुम्हीच वाचा. मग दार फोडा!"

तो थबकला. त्याला वाटलं, आपला मान होतोय. त्याने माप घेतलं, भरलं, गुडघा टेकून रेघेला डोळा लावला. मग पुन्हा एकदा बघितलं. मी म्हटलं, "मोठ्यांदा सांगा."

"रेगच्या..." त्याचा आवाज खाली गेला. "रेगच्या वर हाय."

"वर म्हणजे?"

"म्हंजी जादा येतंय."

दारावरचा पाय खाली आला. मग बिडीवाला म्हणाला, "म्हंजी आपल्याला फुकट मिळतंय?"

मला वाटलं, सुटलो. छे! मी तार आणि पक्कड काढली, तर संपतने नोझलवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या की, म्याडम. चालतंय तसं चालू द्या."

"आत्ता तर दार फोडायला निघाला होतात!"

"ते मघाशी."

पाच-सहा जण नोझलभोवती उभे राहिले. आता आरडाओरडा नव्हता, आणि मला तेच जास्त भीतीचं वाटलं. एक जण थंडपणे म्हणाला, "बाई, तुमाला बी परत जायचंय ना याच रस्त्यानं?" मग मला रागच आला. घाबरलेल्या माणसाला राग येतो तो असाच, भलत्या वेळी.

"जाधव, सगळे कॅन इकडे घ्या!" मी ओरडले. "एकेक मोजू. ज्याच्याकडे जास्त गेलंय त्याने ते आत्ता परत ओतायचं! संपतदादा, तुमच्यापासून सुरुवात."

असा कुठलाही नियम नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. पण संपतने नोझलवरचा हात काढला आणि कॅन उचलला. त्याच्यामागे दुसरा निघाला. ट्रॅक्टर एकेक करून सुरू झाले. पोलीस आले तेव्हा आम्ही दोघं सील लावत होतो. "कुठाय गर्दी?" त्यांनी विचारलं.

अशोक बाहेर आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. पंपाच्या मालकाचा फोन चालूच होता, त्याने तो माझ्या हातात दिला. हंगाम सुरू झाल्यापासून विक्रीच्या हिशेबापेक्षा टाकीत डिझेल कमी भरत होतं, आणि मालक धरून बसला होता की अशोकच चोरून विकतोय. मी सांगितलं, चोरी नाही, नोझल जास्त देत होतं. मग मालक म्हणाला, "म्हणजे यानं रोज माप घेतलं न्हाई. निष्काळजी माणूस!"

मी फोन परत देताना अशोककडे बघितलं. त्याने सगळं ऐकलं होतं. डोळे भरलेले, आणि तोंडावर चक्क हसू.

"निष्काळजी चालंल, म्याडम," तो म्हणाला. "चोर नको."

दुरुस्ती झाली, मी पुन्हा माप घेतलं, नोझल सुरू झालं. अशोक अजून तिथेच आहे. पंप चुकतो तेव्हा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत 'पंपानं मला डिझेल जास्त दिलं' अशी तक्रार माझ्या टेबलावर एकदाही आलेली नाही.