परत आलेली बुलोर आपा

बुलोर आपा पाहुण्यांना घेऊन गल्लीत शिरली की आधी तिचा आवाज यायचा, मग ती दिसायची. तिनं आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. शेवटच्या बाकावरच्या पोरालासुद्धा नद्यांची नावं ऐकू जायला हवीत असा तिचा आवाज. मी माझ्या दारात भरतकामाचे कपडे मांडून बसलेली असायचे. जाता जाता ती मला आमच्या भाषेत टोमणा मारायची, "नोदिरा, त्या लाल चादरीचा भाव वाढवू नकोस हं आज, ही गरीब माणसं आहेत." पाहुण्यांना वाटायचं, आपा शहराबद्दलच काही सांगतेय. ते मान डोलवायचे.

बुखाऱ्यातल्या आमच्या यहुदी मोहल्ल्यात यहुदी घरं आता मोजकीच. मी मुसलमान, पण जन्म याच गल्लीतला. लहानपणी शनिवारी शेजाऱ्यांच्या घरचे दिवे लावायला आई मला पाठवायची, कारण त्या दिवशी त्यांना विस्तवाला हात लावायचा नसे. मग सोव्हिएत राज्य गेलं, सरहद्दी उघडल्या आणि ती घरं एकेक करून रिकामी झाली. कुणी इस्रायलला गेलं, कुणी न्यूयॉर्कला. लग्नाला निघावं तशी माणसं निघाली, फक्त परतायची नाहीत.

बुलोर आपाही यहुदी. तिचा नवरा ओशेर न्हावी होता. तो आधीच वारला. मुलगी बेर्ता नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला गेली, तिला मुलगा झाला, अमनून, तेव्हा आपाही गेली. आपाची आई, तोवो बीबी, मात्र हलायला तयार नव्हती. "माझ्या माणसाला कबरस्तानात एकटं टाकून मी कुठंही येत नाही," ती म्हणाली. घर विकलं होतं, म्हणून बीबी आमच्या अंगणातल्या दोन खोल्यांत राहायला आली. तिची काळजी मी घेईन असा शब्द मी दिला होता.

तीन हिवाळे गेले आणि बीबीनं अंथरूण धरलं. मी फोन केला. आपा आली ती एक बॅग घेऊन, महिनाभरासाठी. बीबी वसंतात गेली. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं आठवड्याचं जेवण असतं, महिन्याचं असतं, मग वर्षाचं. आपा आठवड्याचं करून जाणार होती, ती महिन्याचं करून जाणार म्हणाली, आणि मग वर्ष झालं. बॅग पलंगाखाली तशीच राहिली.

पाहुण्यांना मोहल्ला फिरवून दाखवायचं, फेरीचं काम तिनं शोधलं नाही, ते तिच्याकडे चालत आलं. एकदा हौजाजवळ एक म्हातारं जोडपं वडिलांचं घर शोधत फिरत होतं. आपानं त्यांना घर दाखवलं, त्यांचं प्रार्थनाघर, सिनेगॉग, दाखवलं, कबरस्तानात नेऊन नावाचा दगडही शोधून दिला. निघताना त्या म्हातारीनं तिच्या हाताचा मुका घेतला. त्यांनी तिकडे कुणाला सांगितलं, त्या कुणीतरी आणखी कुणाला. दोन वर्षांत हॉटेलवाले तिच्याकडे माणसं पाठवायला लागले.

त्यातलं एक हॉटेल म्हणजे तिचंच जुनं घर. माझ्या दारासमोरच आहे. आपा तिथं पाहुण्यांना घेऊन थांबायची आणि सांगायची, "हे एका चहाच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं घर. भिंतीवरची नक्षी बघा, कोनाड्यावर हिब्रू अक्षरं आहेत." ते खरंच होतं. त्या व्यापाऱ्यानंतर तिथं कोण राहिलं, हे ती बोलायची नाही.

फेरी माझ्या अंगणात चहानं संपायची. आणि चहाबरोबर एक प्रश्न ठरलेला. सगळे गेले, तुम्ही का नाही गेलात? आपाची उत्तरं रोज वेगळी. कधी म्हणायची, "तिकडची कोथिंबीर खाल्लीत का कधी? वासच नसतो." कधी म्हणायची, "सगळेच गेले तर तुम्हाला चहा कोण पाजणार?" लोक हसायचे. आपण गेलो होतो आणि परत आलो, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

"आपा, तू खोटं बोलतेस," मी एकदा म्हटलं.

"खोटं कुठं बोलते? मधला भाग गाळते फक्त. शाळेतही सगळा धडा थोडाच शिकवायचे."

बेर्ताचा फोन दर शुक्रवारी यायचा. आपा एका हातानं भात हलवत बोलायची. सगळं ठीक आहे. तब्येत उत्तम. काळजी करू नकोस. फोन ठेवला की भात करपेपर्यंत तशीच उभी राहायची. अशी अठरा वर्षं गेली.

मग त्या शरदात, झाडांवर बिहीची पिवळी फळं पिकली होती तेव्हा, न्यूयॉर्कहून दहा-बारा जणांचा एक घोळका आला. आमच्याच गल्लीतून गेलेल्यांची तिकडे वाढलेली मुलं, सुना, एकदोन म्हातारे. सगळ्यांच्या मागे एक बाई होती, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला रुमाल. मी काही ओळखलं नाही. आपाचा आवाज मात्र त्या दिवशी मला वेगळा वाटला. शेवटच्या बाकासाठीचा नव्हता तो. हळू होता.

हॉटेलासमोर ती थांबली. व्यापारी, नक्षी, अक्षरं, सगळं सांगून झालं. माणसं पुढे निघाली तर ती म्हणाली, "थांबा जरा. नंतर या घरात एक न्हावी राहायचा. त्याला एक मुलगी होती. पहिला दात पडला तेव्हा तिनं तो या छपरावर फेकला, पण तो घरंगळून खाली आला. तिनं पुन्हा फेकला, पुन्हा खाली. मग बापानं तिला खांद्यावर घेतलं. तेव्हा कुठं तो वर राहिला."

तरुण मंडळी हसली. छपराचे फोटो निघाले. त्या मागच्या बाईनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

सिनेगॉग झालं, कबरस्तान झालं, आणि सगळे माझ्या अंगणात येऊन बसले. मी पेल्यांत चहा ओतत होते. कुणीतरी ठरलेला प्रश्न विचारला. आपानं तोंड उघडलं, पण त्याआधीच मागून आवाज आला. आमच्या गल्लीच्या बोलीत.

"त्या गेल्या होत्या. परत आल्या. का परत आल्या ते विचारा त्यांना."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. घोळक्यातल्या निम्म्यांना ती बोली कळत नव्हती. ते एकमेकांकडे बघू लागले. आपा मात्र अजिबात दचकली नाही.

"बस, बेर्ता," ती म्हणाली. "चहा गार होतोय."

आणि तिनं फेरी पूर्ण केली. सगळ्यांना नान दिला, जर्दाळू दिले, हात हातात घेऊन निरोप दिला. अंगणात आम्ही तिघी उरलो. मी उठायला लागले तर आपा म्हणाली, "तू बस. तुझ्यापासून काय लपलंय?"

बेर्तानं रुमाल सोडला. केस पिकले होते तिचे. "मला कधी ओळखलंस, ओया?" आमच्याकडे आईला ओया म्हणतात.

"हौजापाशीच. चालतेस अगदी बापासारखी, एक पाय बाहेर टाकून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस? आधी कळवायचं तरी. मासा तळून ठेवला असता."

"कळवलं असतं तर तू फोनवर बोलतेस तेच बोलली असतीस. सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस. म्हटलं, परक्यांना काय सांगते ते तरी ऐकावं. घरच्यांना तर काही सांगत नाही."

आपा नानाचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिली. बेर्तानं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज खाली आणून. "का आलीस सोडून?"

"सोडून नाही आले. तुझी आजी गेली, म्हणून थांबले."

"आजीचं वर्ष झालं तेव्हा मी फोन केला होता. आता पुढं काय, म्हणून विचारलं. तू म्हणालीस, बघू."

"हो, म्हणाले."

"बघू म्हणजे मला वाटलं, तुला यायचं नाही."

"बघू म्हणजे तू म्हण, ये," आपा म्हणाली. "तू म्हणाली नाहीस. मला वाटलं, तुमची खोली लहान. सासूबाई यायच्या होत्या तुझ्या. जावई दमून येतो. म्हटलं, नकोशी होण्याआधी आपणच बाजूला व्हावं."

"सासूबाई आल्याच नाहीत. अमनूनच्या खोलीत तुझं अंथरूण दर शुक्रवारी घालायचे मी. तो शाळेत जायला लागला तरी घालत होते. तो विचारायचा, माझी आजी कधी येणार? मी म्हणायचे, बघू."

बेर्तानं कुस्करलेल्या नानाचे कण गोळा केले आणि तोंडात टाकले, आमच्याकडे ते सांडू देत नाहीत. मग आपानं पुढे होऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिचे केस विंचरायला कंगवा आणला, लहानपणी आणायची तसा. रडणं तेव्हा सुरू झालं. मी किटली घेऊन आत गेले.

बेर्ता आठवडाभर राहिली. दोघी एकाच पलंगावर झोपायच्या. शुक्रवारी मासा तळला, वर लसूण-कोथिंबिरीचं पाणी ओतलं. तोवो बीबीच्या कबरीवर बेर्तानं त्यांच्या रीतीप्रमाणे खडा ठेवला आणि कितीतरी वेळ तिथंच बसली. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "चल आता माझ्याबरोबर."

"आता?" आपा म्हणाली. "आता कशी येऊ, पोरी? पन्नाशीत आले असते तर मिसळले असते. आता माझं हाड इथल्या मातीला सवयीचं झालंय."

"मग मी आले कशाला?" बेर्ता चिडली. दुपारभर दोघी बोलल्या नाहीत. संध्याकाळी बाजारातून परतल्या त्या मिऱ्यांच्या भावावरून भांडत, हातात हात घालून.

ताश्कंदच्या गाडीवर मीही गेले होते. आपानं नान पुढे केला, बेर्तानं एक घास तोडला. उरलेला नान जाणारा परत येईपर्यंत घरी टांगून ठेवायचा असतो. गाडी हलली, तेव्हा आपा मला म्हणाली, "अमनूनचं लग्न ठरतंय. येशील का, म्हणून विचारलं तिनं."

"आणि तू काय म्हणालीस? बघू?"

"येते म्हणाले."

हिवाळ्यात ती गेली. मोहल्ला मुका झाला. पाहुणे यायचे, माझ्याकडे चौकशी करायचे, मी हातवारे करून सिनेगॉगची वाट दाखवायचे. वसंतात ती परत आली. आल्या दिवशी फेरी नव्हती. अंगणात बसून तिनं लग्न सांगितलं. डफ कोण वाजवत होतं, नवरी कशी दिसत होती, भात किती फडफडीत होता, सगळं.

"आपल्या गल्लीतल्या सगळ्या जणी होत्या एका टेबलाभोवती," ती म्हणाली. "केवढ्या म्हाताऱ्या झाल्यात. गुडघे गेलेत, एकीला दिसत नाही. मला सोडेचनात. आमच्या घरात आता कोण आहे, तुतीचं झाड आहे का, दाराची कडी तीच आहे का. मग मी चमचे मांडले टेबलावर, गल्ल्यांसारखे. म्हटलं, हा हौज, ही मिठाची बाटली म्हणजे सिनेगॉग. चला, उठा. आणि फिरवलं त्यांना. घरोघर. एक दार सोडलं नाही."

"मग?"

"जिला दिसत नाही म्हटलं ना, ती झुलेखो. तिच्या दारापाशी आलो तर म्हणाली, बुलोर, इथं थोडं थांबूया."

आपानं चहाचा पेला खाली ठेवला.

"मग थांबलो," ती म्हणाली. "वाद्यं वाजत होती, लोक नाचत होते. आम्ही सगळ्या तिच्या दारात थांबलो."