कडक नोट

लाँड्रीवाला मागच्या खोलीत नोटा छापतो, अशी कुजबुज एके काळी गल्लीभर होती. उठवली समोरच्या शिंप्यानं. त्यानं म्हणे खिडकीतून नोट वाळत घातलेली पाहिली, दोरीवर, चिमटा लावून, ओली. शिंपीच तो, बटण दिसलं की कोट शिवून मोकळा.

आता लाँड्रीवाला म्हणजे किती सरळ माणूस! वीस वर्षं एकाच टेबलाशी उभा. नुसती कॉलर बघून माणसाची मिळकत सांगायचा, पण खिशात राहिलेली चिल्लर पुडीत बांधून कपड्यांबरोबर परत करायचा. हेवा म्हणून कुणाचा केला नाही. साडू सोडून.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंद्यानं चष्मेवाला. हळू बोलणारा, आणि नखं अशी स्वच्छ की लाँड्रीवाल्याला त्या नखांचाच राग यायचा. एका रविवारी साडूच्या घरी सगळे बसले असताना त्यानं प्लास्टिकच्या पाकिटांची वही काढली. आत जुन्या नोटा. एक राजाच्या चित्राची, ऐंशी वर्षांपूर्वीची, पण जणू काल छापलेली. एक घडी नाही.

"अगोबाई!" लाँड्रीवाल्याची बायको म्हणाली.

झालं. लग्नाला बावीस वर्षं होऊन गेली, पण हे 'अगोबाई' त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. नाटकाच्या थिएटरचा अख्खा पडदा त्यानं एकट्यानं इस्त्री केला, तेव्हाही बाई "जेवायला चला, निवतंय" एवढंच म्हणाली होती.

साडूनं मग चांदीचं एक नाणं दाखवलं, काळं पडलेलं. "हे घासायचं नसतं बरं का, साडूबुवा. घासलं की किंमत गेली."

"आम्ही असं म्हटलं तर गिऱ्हाईक शर्ट तोंडावर फेकेल," लाँड्रीवाला म्हणाला.

सगळे हसले. साडू जरा जास्तच समजूतदारपणे हसला, आणि ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्याच दिवशी स्वारी जुन्या नाण्या-नोटांच्या दुकानात. सुरुवात म्हणून चांदीचं एक लहानसं नाणं घेतलं, दुकानदारानं शिकवलं तसं वजन आणि शिक्का पडताळून. मग हळूच राजाची नोट मागितली. दुकानदारानं दोन काढल्या.

"ही कडक आहे, म्हणून पाचपट. ही दुसरी मऊ पडलीय. हाताचा मळ आहे, मधोमध घडी आहे. नवख्यानं हिच्यापासून सुरुवात करावी."

लाँड्रीवाल्याला हसू आवरेना. कडक? एवढंच? अहो, कडक करून देण्यावर तर त्याचं घर चाललं होतं! मऊ नोट घेऊन तो शीळ घालत परतला.

कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, पातळशी खळ. अर्धा तास दोरीवर. मग मलमलीच्या तुकड्याखाली मंद इस्त्री, नवरदेवाच्या शर्टाला फिरवतात तशी. घडी गेली, मळ गेला. नोट इतकी ताठ झाली की टेबलावर उभी राहिली.

पुढच्या रविवारी साडूला सहकुटुंब बोलावणं गेलं. चहा झाला. लाँड्रीवाल्यानं नोट पुढे ठेवली आणि डोळा बायकोवर ठेवला. साडूनं खिशातून भिंग काढलं. नोट उलटून-पालटून पाहिली. जळला, लाँड्रीवाला मनात म्हणाला, जळला गडी!

साडूनं नोट नाकाशी नेली.

"साडूबुवा, ही धुतलीत का तुम्ही?"

"नुसती धुतली नाही. खळ पण आहे," लाँड्रीवाला छाती काढून म्हणाला.

"अहो, रंग उतरलाय. छपाईला उठाव असतो, तो इस्त्रीनं बसला. नोट मुळात कडक असावी लागते हो, करायची नसते. आता हिला संग्राहक हात लावणार नाही."

"अगोबाई!" बायको किंचाळली. "नोटेला खळ?"

साडू हसला नाही. हसला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. उलट त्यानं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं असं सुरुवातीला." लाँड्रीवाल्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तर छापण्याची गोष्ट ही एवढीच. नोट एकच होती, खरी होती, आणि त्यानं पैसे मोजून आणली होती. साडूच्या नोटेला घडी नव्हती, म्हणून त्यानं आपली धुतली.