चेष्टा मत करो

माझे वडील उज्जैनजवळच्या भैरवगढला एका छपाईच्या कारखान्यात कापड धुवायचे. छापलेले तागे नदीवर न्यायचे आणि जादा रंग सुटेपर्यंत पाण्यात उभं राहून आपटायचे. हिवाळ्यात ते घरी आले की आई परातीत कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय त्यात ठेवायला लावायची. ती स्वतः नानाखेड्याकडच्या कॉलनीत घरोघरी पोळ्या करायला जायची. आम्ही पोरांनी काही जास्तीचं मागितलं की म्हणायची, "गरिबाची चेष्टा करता का रे?"

हा शब्द आमच्या घरात रोज लागायचा. बारावी झाल्यावर मी वडिलांना म्हटलं, कॉलेजात जाते. ते म्हणाले, "चेष्टा नको करूस." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच मला सायकलवर बसवून कॉलेज दाखवायला घेऊन गेले. फाटकाच्या आत मात्र आले नाहीत.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. वडील कारखान्यात सगळ्यांना सांगायचे, "हमारी लड़की गिरजवेट है." शब्द चुकायचा, पण मान ताठ असायची. माझीही अजून आहे.

लग्नानंतर एका खासगी शाळेत लागले. बरीच वर्षं शिकवल्यावर शाळेत नवा नियम आला: ज्यांचं बी.एड. नाही त्यांनी ते करावं, नाहीतर नोकरी सोडावी. तोवर आई-वडील दोघेही गेले होते. नवरा रोज इंदूरला अपडाउन करायचा, मुलगी आठवीत होती. सकाळी डबे, मग शाळा, मग बी.एड.चा क्लास, परत येऊन कुकर. रविवारीही क्लास निघाला तेव्हा नवरा म्हणाला, "आता सुट्टीही पुस्तकांनाच का?" मी हसले. तो हसत नव्हता.

क्लासमधल्या मुली माझ्यापेक्षा कितीतरी लहान. "आंटी, आप यहाँ बैठ जाइए," म्हणून पंख्याखालची जागा द्यायच्या आणि स्वतः पलीकडे घोळका करून बसायच्या. वाईट नव्हत्या. पण माझा डबा मी जिन्याजवळच्या बाकावर एकटीच खायची.

शेवटी परीक्षकांसमोर पाठ घ्यायचा होता. तो पास झाल्याशिवाय बी.एड. नाही, आणि बी.एड. नाही तर नोकरी नाही. वर्ग सहावीचा, विषय अपूर्णांक. मी पुठ्ठ्याच्या गोल पोळ्या कापून नेल्या होत्या आणि बाकाबाकावर वाटल्या होत्या. अर्धी, पाव, पाऊण. छान चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या पोरांनी पुठ्ठ्याच्या पोळ्या टोप्यांसारख्या डोक्यावर ठेवल्या. परीक्षक बघतायत म्हणून मी घाबरले आणि जोरात म्हणाले, "बच्चों, चेष्टा मत करो."

मला म्हणायचं होतं, थट्टा-मस्करी करू नका. पण हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. जन्म उज्जैनमध्ये गेला, बाजारात, शाळेत, शेजारी दिवसभर हिंदी बोलते. घाबरल्यावर मात्र आईचीच भाषा तोंडात आली.

परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "मैडम, बच्चे चेष्टा नहीं करेंगे तो सीखेंगे कैसे?"

पाठ बघायला मागे बसलेल्या बी.एड.च्या मुली हसल्या, वर्गातली पोरंही हसली. त्यानंतर मला पाव कुठली आणि पाऊण कुठली तेही धड सांगता येईना. परीक्षकांनी पाठ पुन्हा घ्यायला सांगितला. एकदाच, शेवटचा.

घरी येताना ऑटोत मलाही हसू आलं. वडील असते तर ही गोष्ट त्यांनी कारखान्यात चार दिवस पुरवली असती. जेवताना नवऱ्याला सांगितली. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "मग नीट बोलायचं ना." मुलगी इंग्रजी शाळेतली. तिने विचारलं, "आई, चेष्टा म्हणजे?"

मी तिला दोन्ही अर्थ सांगितले. ती "ओके" म्हणाली आणि ताट घेऊन उठली. ज्याला हा शब्द ऐकून हसू आलं असतं असं कुणी या घरात उरलं नव्हतं.

पुढच्या वेळी तेच परीक्षक होते. पोरांनी परत टोप्या घातल्या. मी त्यातल्याच एकाला फळ्याजवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावरची पोळी काढून हातात दिली. "इसके चार बराबर हिस्से करो. नहीं आता? चेष्टा करो, बेटा." परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला वाटतं, ते हसत होते.

मी पास झाले. बी.एड. पूर्ण झालं, नोकरी राहिली. आजही मी त्याच शाळेत सहावीला शिकवते.