सहावं झाकण

सीतारामने आयुष्यात उघडं असं काही राहू दिलं नाही. डब्याचं झाकण, पेनाचं टोपण, शेजाऱ्याच्या गाडीची डिकी. दिसलं की लावून मोकळा. बी.कॉम. झाल्यावर तो कान्हे गावाजवळच्या एका गॅस टर्बाइन दुरुस्तीच्या कारखान्यात स्टोअरकीपर लागला आणि या खोडीचा त्याला पगार मिळू लागला. आता निवृत्तीला सात महिने उरले होते. टर्बाइनमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बत्तीस वर्षं सुट्या भागांच्या सहवासात काढल्यामुळे आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याचा राग एकाच गोष्टीवर होता. चाचणीला इंजिन सुरू झालं की कंप्रेसरच्या मधल्या एका तोंडातून फस्सकन हवा बाहेर पडे. मेहनतीने दाबलेली हवा अशी फुकट सोडायची? सूचनापेटीत त्याने यावर तीनदा चिठ्ठी टाकली होती. तिन्ही चिठ्ठ्या सुवाच्य होत्या. उत्तर का येत नाही, हे त्याला कोडंच होतं.

पावसाळा सरताना एक दुरुस्त इंजिन आठवडाभर शेडमध्ये पडून राहिलं. कुंभारमाश्या आत मातीची घरं करतील म्हणून सीतारामने झाकायच्या यादीतल्या पाचही तोंडांवर लोखंडी झाकणं बसवली. मग उत्साहाच्या भरात ते फस्स करणारं सहावं तोंडही एका जुन्या झाकणाने बंद केलं. झाकण गंजकं होतं, म्हणून त्याला इंजिनाचाच राखाडी रंग दिला. लांब उभं राहून पाहिलं आणि स्वतःवर खूश झाला.

चाचणीच्या दिवशी हौशीराम मेकॅनिकने पाच झाकणं काढून जमा केली. सीतारामने यादीवर बरोबरच्या खुणा केल्या. दहाच मिनिटांत शेडमधून धडाम् धडाम् आवाज आले आणि हौशीरामने इंजिन बंद केलं.

चाचणीप्रमुख माधवी मॅडम धावत आल्या. "हौशीरामकाका, हवा सोडायचा व्हॉल्व्ह तुम्हीच बसवलात ना?"

"व्हय मॅडम. माज्या हातानं."

"मग तो उघडलाच नाही. उद्या सगळं खोलून पाहू. तोवर तुम्ही चाचणीवर नको."

तीस वर्षांत हौशीरामच्या हातावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तो चहाच्या टपरीवर जाऊन बसला. चहा निवला तरी पिईना. सीताराम सांत्वनाला गेला, आणि ज्ञान पाजळायलाही.

"हवा वाया गेली नाही, यात बिघडलं काय?"

"भाऊ, तुमच्या भाताच्या खाचराला मोरी हाय का न्हाई?"

"आहे ना."

"वरनं पानी धो धो येतंय, खालची खाचरं अरुंद. मोरी बुजवली तर?"

"बांध फुटेल."

"तसंच हितं. फुडची पाती हवा लय आत वढत्यात, मागं वाट निमुळती. पुरा येग आला की हवा दबून मावती. पर सुरवातीला येग कमी, हवा दबत न्हाई, मावत न्हाई. मग तुंबती अन् उलटी फिरून धडाका देती. म्हनून मधनंच थोडी सोडायची. येग आला की व्हॉल्व्ह आपसूक मिटतो."

सीतारामला आपलं राखाडी झाकण आठवलं. लहानपणी त्याने शेतातली मोरीही गोणपाटाने बंद केली होती. बांध वाहून गेल्यावर वडील पंधरा दिवस बोलले नव्हते.

झाकण गुपचूप काढता आलं असतं. पाना स्टोअरमध्येच होता आणि त्याची नोंद करणाराही तोच. पण मग व्हॉल्व्हचा दोष हौशीरामच्या माथी कायमचा राहिला असता. सीताराम मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"ते तोंड मी बंद केलंय."

"कशाने?"

"झाकणाने. चार बोल्ट. वॉशरसकट."

"आणि कुणालाच दिसलं नाही?"

"रंग दिला होता."

"किती हात?"

"दोन."

झाकण निघालं. नळीच्या कॅमेऱ्याने आतली पाती तपासली, शाबूत होती. "काका, चालू करा," मॅडम हौशीरामला म्हणाल्या. इंजिन फिरू लागलं, हवा फस्सकन सुटली. वेग चढला तशी फस्स आपोआप थांबली. इतका गोड आवाज सीतारामने बत्तीस वर्षांत ऐकला नव्हता. ऐकला होता, पण चिठ्ठ्या लिहिण्यात गेला.

संध्याकाळी हौशीरामने झाकण स्टोअरच्या खिडकीवर आपटलं. "घ्या जमा करून, भाऊ. रंग मातुर झ्याक बसलाय."

सीतारामने रजिस्टर उघडलं. झाकण, नग एक. शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: स्टोअरकीपरच्या हाती देऊ नये. खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.