चाचांचा अठरावा डॉक्टर

आमच्या तळमजल्यावर राहणाऱ्या चाचांनी डॉक्टर लोकांना जितकं तपासलं, तितकं जगातल्या कुठल्याही डॉक्टरने आपल्या रोग्याला तपासलेलं नसेल. हे मी अंदाजाने लिहीत नाही. मी पेशाने हिशेबनीस आहे, आणि चाचांच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतले रकाने मीच पट्टी ठेवून आखून दिले होते. साठच्या दशकात मी दुबईला, खाडीच्या देरा नावाच्या काठावर, एका पेढीवर नोकरीला होतो. तेव्हाची दुबई म्हणजे मधोमध खाडी, तिच्या दोन काठांवर दोन बाजार आणि माणसांना इकडून तिकडे नेणाऱ्या अब्रा नावाच्या होड्या. एवढ्याशा गावात डॉक्टर असून असून किती असणार? तरी साडेतीन वर्षांत चाचांच्या वहीत सतरा डॉक्टर जमा झाले, आणि त्या सतरा भेटींपैकी एकाही भेटीच्या वेळी चाचा आजारी नव्हते.

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, डोक्यावर पांढरी टोपी आणि कानावर कायम एक पेन्सिल. धक्क्याजवळच्या एका गोदामाचे ते स्टोअरकीपर होते. मोठ्या बोटी तेव्हा खाडीत येत नसत. मैलभर बाहेर नांगर टाकून उभ्या राहत आणि माल पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, आत येई. तो उतरवून घ्यायचा आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे व ते कुणाचं आहे हे काळ्या रंगाने लिहायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं हेच केल्यामुळे न लिहिलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांना सहन होत नसे. घरात साखरेच्या डब्यावर ‘साखर’ आणि मिठाच्या डब्यावर ‘मीठ, साखर नव्हे’ असं लिहिलेलं. ज्या गावात वर्षातून पाच दिवस पाऊस पडला तर लोक आश्चर्य करत, तिथे त्यांच्या छत्रीवर त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव-तालुक्यासकट पत्ता होता. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी जिन्याच्या भिंतीवर बाण काढून ‘हिशेबनीस वर’ असं रंगवून टाकलं. आमची ही म्हणाली, “चाचा एक दिवस मला झोपेत गाठून कपाळावर माझं नाव लिहितील.” चाचांनी हे जिन्यात ऐकलं आणि गंभीरपणे सांगितलं की माणसांवर ते लिहीत नाहीत, माणसं जागा बदलतात.

त्यांची दुसरी सवय पत्रांची. टपालावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. पत्र नेहमी गावाकडे निघालेल्या माणसाच्या हाती द्यायचं, हा तिकडच्या सगळ्याच कोकणी मंडळींचा रिवाज होता. पण चाचा त्यापुढे जात. पत्र भिजलं तर काय, म्हणून ते नेणाऱ्याला समोर बसवून पूर्ण मजकूर पाठ करून घेत. एकदा त्यांच्या गावचा एक खलाशी आमच्या जिन्यात बसून ‘नंतर विशेष, आंब्याच्या कलमांना खत घातलं का, नसेल तर का नाही’ हे धड्यासारखं म्हणत होता. तीनदा चुकला. चाचांनी त्याला चौथ्यांदा म्हणायला लावलं आणि मगच चहा दिला.

पण खरं वेड डॉक्टरांचं. आजारी नसताना दवाखान्यात जायचं, नंबर लावून बसायचं, आपली पाळी आली की स्टुलावर टेकायचं आणि विचारायचं, “डॉक्टरसाब, आप कॉलेज में कौनसा सब्जेक्ट लेके डॉक्टर बने?” बाजारातल्या एका हैदराबादी डॉक्टरला हा कुणीतरी चौकशीला आलेला अधिकारी वाटला; त्याने घाईघाईने भिंतीवरचं सर्टिफिकेट उतरवून हातात दिलं. चाचांनी ते वाचलं, विषय नाहीत म्हणून परत केलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. बोटीवरच्या डॉक्टरला गाठायला ते मालमोजणीच्या निमित्ताने शिडी चढून वर गेले आणि बोलण्यात इतके रमले की बोटीचा भोंगा झाला. खालच्या पडाववाल्याने ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, चला’, करून घसा फोडला नसता तर आमचे चाचा बसऱ्यालाच उतरले असते. प्रत्येक भेटीनंतर ते वर येत आणि मी वहीत नोंद करत असे: डॉक्टरचं गाव, कॉलेजातला गट, विषय आणि शेरा. उंटांना औषध देणारा एक सरकारी डॉक्टर भेटला, तेव्हा त्याला अर्धा धरायचा की नाही यावर आमचा तीन दिवस वाद झाला. माणसांच्या रकान्यात मी अर्धा आकडा घालू दिला नाही. चाचा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले.

या सगळ्याच्या मुळाशी मेहरुन होती, चाचांची एकुलती एक मुलगी. ती रत्नागिरीला कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीत गावी, चाचांच्या मोठ्या भावाकडे राहत होती. या भावाला सगळं घर भाईजान म्हणे. घरात शब्द चाले तो भाईजानांचा. त्यांची आणि चाचांची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. डॉक्टर खाडीपलीकडे, पलीकडे नेणारी होडी बंद झालेली, आणि पुरुष डॉक्टरला आणू की नको यात घरच्यांनी घालवलेला वेळ. त्यानंतर भाईजानांनी ठरवलं की या घरातली पहिली शिकणारी मुलगी डॉक्टर होईल. मेहरुनला कॉलेजात घातलं ते त्याच बोलीवर. डॉक्टर होत असेल तर शिकेल, नाहीतर घरी येईल. चांगली स्थळं येतच होती.

त्या काळी आपल्याकडे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सगळे विज्ञानविषय असत आणि दुसऱ्या वर्षाला, म्हणजे इंटरला, गट निवडावा लागे. ए गटात गणित, बी गटात जीवशास्त्र. डॉक्टर व्हायचं तर बी, आणि त्यातही पहिल्या रांगेतले मार्क. मेहरुन शाळेत असल्यापासून चाचांनी ही चौकशी सुरू ठेवली होती. म्हणजे आपली पोर योग्य खोक्यात पडावी, एवढीच त्या माणसाची धडपड होती. मग तिचा पहिल्या वर्षाचा निकाल आला. एका शुक्रवारी सकाळी चाचा गुणपत्रिका घेऊन वर आले आणि माझ्यापुढे ठेवून बसले. गणितात शंभरपैकी त्र्याण्णव. जीवशास्त्रात एकेचाळीस.

मला गोड बोलता येत नाही. मी सांगितलं की हे एकेचाळीस वर्षभरात ऐंशीच्या पुढे जाणं अवघड आहे. बी गट घेतला तर वर्ष जाईल आणि वैद्यकीयची जागा मिळणार नाही. चाचांनी गुणपत्रिकेबरोबर आलेलं पत्र पुढे केलं. मेहरुनने लिहिलं होतं की अब्बा म्हणतील तर ती बी गट घेईल, पुन्हा बेडूक कापेल आणि रडणार नाही. पण गणिताच्या तासाला ती घड्याळाकडे बघत नाही, एवढं अब्बांना कळवावंसं वाटलं. फॉर्म भरायला दोन महिन्यांचा अवधी होता. आमची ही आतून म्हणाली, “अहो, मग गणित घेऊ द्या की पोरीला.” चाचा म्हणाले की वहिनी, गणित घेतलं तर भाईजान पहिल्या एसटीने तिला घरी आणतील. मग वही उघडून त्यांनी सतरा नावं पुन्हा वाचायला घेतली. सतराही जण जीवशास्त्रवाले. ते पुढचे दोन आठवडे ओळखीच्या प्रत्येक डॉक्टरला गाठून जीवशास्त्रात किती मार्क होते ते विचारत फिरले. दोघांनी आठवत नाही म्हटलं; हैदराबादी डॉक्टर त्यांना लांबून पाहून मागच्या दाराने निघून गेला.

आणि मग तो अमेरिकन आला. वाळवंटात तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या तळावर तो डॉक्टर होता. त्याच्या औषधांची पेटी चुकून दुसऱ्याच्या मालात गेली होती आणि ती शोधत तो गोदामात उभा राहिला. चाचांना पेटी कुठे आहे ते पाठ होतं. पण डॉक्टर म्हटल्यावर आधी स्टूल, आधी चहा आणि आधी तो प्रश्न. अमेरिकन उन्हाने लाल झाला होता. त्याने सांगितलं की त्याच्या देशात आधी चार वर्षांची डिग्री घ्यायची, ती कुठल्याही विषयात चालते, आणि मग वैद्यकीयला अर्ज करायचा. त्याने स्वतः संगीत घेतलं होतं. पियानो. चाचांनी दोनदा विचारलं, त्याने दोनदा हवेत बोटं नाचवून दाखवली. मग चाचांनी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि हे लिहून द्या म्हणाले. तीन ओळी आणि सही मिळाल्यावर पेटी निघाली.

त्या संध्याकाळी चाचा दोन दोन पायऱ्या चढत वर आले. हा कागद भाईजानांसाठी मराठीत करून द्या म्हणाले. मी वाचला. ‘अमेरिकेत मी प्रथम संगीत विषयात पदवी घेतली. त्यानंतर मला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आज मी डॉक्टर आहे.’ एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्यामुळेच माझा हात पुढे होईना. चाचा भीत भीत म्हणाले की ‘अमेरिकेत’ हा शब्द गाळला तर? मी स्पष्ट सांगितलं की मुळात आहे ते मी गाळणार नाही. टोपी हातात फिरवत ते म्हणाले, “राहू द्या. अमेरिकेने वजन वाढेल.” पुढची अडचण संगीताची होती, भाईजानांना बाजा वाजवणाऱ्याचं कौतुक नव्हतं. पण त्यावर चाचांनीच तोड काढली. खाली आपल्या अक्षरात ते लिहिणार होते की बाजा वाजवून माणूस डॉक्टर होतो, तर त्र्याण्णव मार्कांचं गणित करून का नाही होणार. तेव्हा आपली मेहरुन आधी गणित घेते आहे.

मला राहवलं नाही. मी पेन खाली ठेवलं. “चाचा, हा नियम त्यांच्या देशातला आहे. आपल्याकडे ए गट घेतला की वैद्यकीयचं दार बंद. तुम्हाला हे माहीत असायला हवं.”

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली आणि परत ठेवली.

“हिशेबनीस, सतरा डॉक्टरांना विचारलंय मी. सतरातल्या एकानेपण गणित घेतलेलं नाय. मला मोजता येतं.”

“मग?”

“मग काय नाय. भाईजानला फक्त अठरावा कळवायचा आहे.”

मी विचारलं की दोन-तीन वर्षांनी भाईजान हिशेब मागतील तेव्हा काय करणार. ते म्हणाले, “मागतील, आणि मी शिव्या खाईन. पण तेव्हा ती शिकलेली असेल. शिकलेलं काय कोण परत घेतं? खलास.” आणि मग अगदी हळू, भिंतीकडे बघत म्हणाले की बहीण त्यांचीही होती. यानंतर मी भाषांतर केलं. दोनदा ताडून पाहिलं. पुढच्या बोटीने निघालेल्या एका सुताराच्या हाती ते गेलं, आणि त्या बिचाऱ्याने आमच्या जिन्यात बसून ‘संगीत विषयात पदवी’ पाच वेळा म्हणून दाखवलं.

पाच आठवड्यांनी भाईजानांचं उत्तर आलं. परवानगी होती, मात्र अमेरिकन डॉक्टर कुठलं वाद्य वाजवतो आणि शुक्रवारी तरी वाजवत नाही ना, एवढी चौकशी त्यांनी केली होती. चाचांनी ते पत्र वहीत ठेवलं. वहीत त्यानंतर नवी नोंद झाली नाही.

मेहरुन ए गटात गेली. वर्गात मुली दोनच. अब्बांना आपण काय शिकतो हे बघायची हौस, म्हणून सहा महिन्यांनी तिने पत्रासोबत वहीचं एक पान फाडून पाठवलं. त्यावर एक गणित सोडवलेलं होतं. नमाजानंतर चाचा ते घेऊन वर आले आणि मला समजावून सांगा म्हणाले. मी पान उभं धरलं, आडवं धरलं. त्यावर आकडे थोडे आणि चिन्हंच फार होती. मला कबूल करावं लागलं की माझं गणित बेरीज-वजाबाकीचं, फार तर टक्क्यांचं. हे मला वाचतासुद्धा येत नाही.

चाचा हसले. म्हणाले, डॉक्टर झाली असती तर निदान दिवसभर काय करते ते कळलं असतं. नाडी बघते, सुई टोचते. हे काय करते, कुणाला विचारणार? मग त्यांनी पान माझ्याकडून घेतलं, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मेहरुनने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

“एवढंच सांगा. बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

त्यांनी कानावरची पेन्सिल माझ्यापुढे धरली. “मग खूण करा.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी न तपासता कुठल्याही कागदावर खूण केलेली नाही. ती एक केली.