त्या कागदावरची माझी सही

"बॅग उघड," तो म्हणाला.

बेंगळुरात जे. पी. नगरमधला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी जोडून विकलेला कॉम्प्युटर हॉलमध्ये फरशीवर आडवा, एका बाजूचा पत्रा काढलेला. सोफ्यावर तो, त्याची बायको आणि त्याचा वकील मेहुणा. मी उभी. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

कॉम्प्युटर मधेच बंद पडतो म्हणून त्यानं मला बोलावलं होतं. मी पत्रा काढला आणि बघताक्षणी म्हणाले, "हे ग्राफिक्स कार्ड माझं नाही." व्हिडिओचं काम ओढणारा तो भाग. सगळ्यात महागडा. मी नवा कोरा घातला होता. आत होता तो जुना, कडा खरचटलेला.

"म्हणजे चोर आम्ही?" तो म्हणाला. "आमच्यादेखत हातचलाखी करतेस? बॅग उघड."

उघडली. त्यानं हात लावला नाही. बायकोला म्हणाला, "तू बघ." तिनं बॅग फरशीवर उपडी केली. स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, जेवणाचा डबा, सॅनिटरी पॅडची पुडी. कार्ड नव्हतं. मी खाली बसून एकेक वस्तू गोळा केली. तिघं बघत होते.

तीन आठवड्यांपूर्वी हाच माणूस मला ताई म्हणत होता. इंटरनेटवरची माझी जाहिरात बघून त्यानं फोन केला, माझं बोलणं ऐकून खूश झाला. "अरे वा, मराठी! मी पुण्याचा. बेंगळुरात आपलं माणूस भेटलं." मलाही बरं वाटलं होतं.

आता मेहुण्यानं लॅपटॉप उघडला. "पूर्ण नाव?"

मी सांगितलं. माझं आडनाव आमच्या वस्तीचं आहे. मराठी माणसाला ऐकलं की जात कळते. बेंगळुरात इतरांना कळत नाही, म्हणून मी इथं मोकळी वावरत होते.

तो बायकोकडे बघून म्हणाला, "अच्छा." एवढंच. मग मला, "तरीच."

मेहुण्यानं इंग्रजीत अर्ध्या पानाची कबुली टाइप करून छापली. "सही केलीस तर घरी जाशील. नाहीतर पोलीस बोलावतो. चोरी आणि फसवणूक, दोन्ही लावतो." मी मोबाइलमधला फोटो दाखवला. कॉम्प्युटर पोचवण्याआधी काढलेला, कार्डाचा सिरीयल नंबर स्पष्ट दिसणारा. "असले फोटो कुणीही काढतं," मेहुणा म्हणाला.

माझी आई निपाणीत बिड्या वळते. पोलीस हा शब्द ऐकला की तिला धाप लागते. मला तिचा चेहरा दिसला. मी सही केली.

चिकपेटच्या मागच्या गल्लीत एका रिपेअरच्या दुकानात मी आठ वर्षं काढली. आत, माळ्यावर. बाई मशीन उघडताना दिसली की गिऱ्हाईक बिचकतं, असं मालक म्हणायचा. म्हणून नोकरी सोडून राजाजीनगरात भाड्याच्या खोलीत स्वतः मशीन जोडायला लागले. नाव होत होतं. सही केली त्याच संध्याकाळी जे. पी. नगरच्या त्या माणसानं तो कागद खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे फोन यायचे बंद. ठरलेली दोन गिऱ्हाइकं फिरली.

मग वकिलाची नोटीस आली, पाठोपाठ ग्राहक आयोगाचा कागद. मी एका वकिलाकडे गेले. त्यानं विचारलं, "सही तुमचीच ना?" मी हो म्हटलं. "मग मिटवून टाका."

घरी येऊन मी दार लावलं. दोन दिवस जेवले नाही. पंख्याकडे बघत पडून होते. नको ते विचार आले, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी नोटिशीला जोडलेला, माझ्या सहीचा तो कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. मशीनच्या पुस्तकातलं इंग्रजी मला येतं. हे वेगळं होतं. एका शब्दापाशी अडले. हॅबिच्युअली. मोबाइलवर अर्थ बघितला. सवयीनं. मी सवयीनं लोकांना फसवते, असं मी लिहून दिलं होतं.

एका कार्डाबद्दल भांडण झालं असतं तर समजू शकले असते. सवय कुठून आली? हा माणूस मला दोनदा भेटलेला. माझी सवय त्याला कुणी सांगितली? माझ्या आडनावानं सांगितली.

मी उठले. भात टाकला. जेवले. आणि लिहायला बसले.

माझी शाळा मराठी. कन्नड बोलते, लिहिताना अडखळते. तरी आयोगाला द्यायचं उत्तर मी हातानं कन्नडमध्ये लिहिलं. बॅग, फरशी, पॅडची पुडी, अच्छा, तरीच. सगळं. घरमालकीण अक्कानं चष्मा लावून चुका सुधारल्या. शेवटचं पान देताना म्हणाली, "सरी, बरोबर लिहिलंयस ग. पण महिनाअखेर खोली सोड. कोर्टकचेरी आमच्या घरात नको." तिनं डोळे पुसले. खोली मात्र सोडावी लागली.

आयोगानं आधी समेटासाठी बसवलं. तो गोड बोलला. "ताई, मशीन परत घ्या, ग्रुपवर माफी लिहा. मी तक्रार काढून घेतो."

"ताई नको," मी म्हणाले. "पूर्ण नाव घ्या. आडनावासकट."

त्यानं समोरचे कागद चाळायला घेतले.

"मशीन परत घेणार नाही. माफी मागणार नाही. सही माझी आहे. भीतीनं केलेली आहे. भीती कुणी घातली, तेही लिहून दिलंय."

समेट करणाऱ्या बाईंनी विचारलं, "विचार केलाय ना? सही तुमच्या विरुद्ध जाईल."

"जाऊ दे."

समेट फिसकटला. तारीख पडली, मग दुसरी. कार्ड कुणी बदललं मला आजही माहीत नाही. मी बदललं नाही, एवढं माहीत आहे. आता मी एका ऑफिसात रोजंदारीवर कॉम्प्युटर पुसते, तारखेच्या दिवशी खाडा करते. निकाल माझ्या विरुद्ध लागेल असं सगळे सांगतात. लागू दे. मी वरच्या आयोगात जाईन. तिथं हरले तरी मी सवयीनं फसवते हे वाक्य माझं नाही, असं प्रत्येक कागदावर लिहीन, आणि खाली पूर्ण नावानं सही करीन.