आक्का आणि जुनं वायफाय कार्ड

“सर, आक्का गेल्या वो…” एवढंच सुमित्रा फोनवर बोलली. मी बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवत होतो. फळ्यावरचं वाक्य अर्धंच सोडून व्हरांड्यात आलो. मला रडू आलं नाही, चक्क राग आला. हाती घेतलेलं काम मधेच टाकून उठणारी ही बाई नव्हे, मग आजच हे काय सुचलं तिला! काही आठवडे उलटले तरी तो राग पुरता गेलेला नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

निर्मलाक्का माझी थोरली चुलत बहीण. बेळगावातच, शहापूर पेठेतल्या विणकराच्या घरात दिलेली, मराठी प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवलेली. निवृत्तीनंतर तिनं घरासमोर, गल्लीपलीकडच्या खोलीत मागावर बसणाऱ्या बायकांसाठी दुपारचा संगणकवर्ग काढला. सुमित्रा त्यातलीच, सकाळी साडी विणायची आणि दुपारी इथं यायची. एका बंद झालेल्या कचेरीनं चार-पाच जुने लॅपटॉप देऊन टाकले होते. आतली विंडोज म्हातारी झालेली, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून आक्कानं त्यांवर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घातलं. सगळं झकास चालू झालं, वायफाय सोडून. नेट आक्काच्या घरात आणि वर्ग गल्लीपलीकडे. वरून तार ओढून पाहिली, तर सुताच्या गठ्ठ्यांचा टेम्पो ती घेऊनच गेला. बायकांना आपल्या साड्यांचे फोटो गिऱ्हाइकाला स्वतः पाठवायचे होते, अर्ज स्वतः भरायचे होते. नेट नसल्यामुळं त्या नुसतीच टायपिंगची प्रॅक्टिस करत बसायच्या. खोली आक्काच्या दिरांची. त्यांनी सरळ सांगितलं, “गुढीपाडव्यापतूर बघा वहिनी. न्हायतर मी सुताची पोती ठेवतो तिथं.”

मी शहाणपणा केला. म्हटलं, “आक्का, बाहेरून लावायचं छोटं यंत्र मिळतं, ते आणू या.”

“आतलं वायफायचं कार्ड बिघडलंय का?”

“बिघडलं नाही, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला त्याची ओळख पटवणारा प्रोग्राम, नाही.”

“म्हंजे वळख पटंना झालीय एवढंच न्हवं? मग टाकायचं कशाला रं? आमच्या सासऱ्यांचा माग अजून चालतोय की.”

तिथून तिचा हट्ट सुरू झाला आणि माझी फरफट. संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण नेटवर मदत करणाऱ्या मंडळींशी इंग्रजीतून बोलायला तिला मी हवा होतो. ती मराठीत सांगायची, मी इंग्रजीत लिहायचो, आणि आलेलं उत्तर परत मराठीत. कार्डावरच्या स्टिकरवर नाव आणि मॉडेल होतं, त्यावरून आम्ही ड्रायव्हर शोधत राहिलो. सापडलेला प्रत्येक ड्रायव्हर घालून बघायचा आणि तोंड पाडून बसायचं, असा आमचा रविवारचा कार्यक्रम. शेवटी तिकडच्या एका गृहस्थांनी लिहिलं, की नावावर जाऊ नका. त्याच नावाच्या कार्डात कंपनीनं वेगवेगळ्या खेपेला वेगवेगळी चिप बसवली आहे, तेव्हा मशीनलाच विचारा. त्यांनी दिलेली आज्ञा टाइप केली, तर आतली चिप भलत्याच कंपनीची निघाली. आक्का हसली. “लेबल एकाचं, साडी दुसऱ्याची. आमच्या बाजारात काय वेगळं असतंय?” त्या चिपचा खुला, कुणालाही फुकट वापरता येणारा ड्रायव्हर मात्र होता, कुणीतरी फुरसतीच्या वेळी लिहिलेला. नेट चालू व्हायला लागणारी एक फाइल नेटवरूनच आणायची होती. माझा मोबाइल केबलनं जोडून तीही आणली.

आणि तरी वायफाय बंदच. पडद्यावर येत होतं, की कार्ड सापडलं पण त्याचं बटण बंद आहे. बटण कुठलं? मी तर हात टेकले होते. आक्कानं लॅपटॉप उचलून उजेडात धरला, पदरानं कडा पुसली, तर पदर लाल झाला. खंडेनवमीला बायकांनी मागांबरोबर लॅपटॉपही पुजले होते, मायेनं, भरपूर हळदकुंकू लावून. कडेचं ते इवलंसं सरकतं बटण कुंकवाच्या वाळल्या लगद्यात ‘बंद’वर पक्कं बसलं होतं. एकेका मशीनवर तीच तऱ्हा. बायका खाली माना घालून हसायला लागल्या. आक्का म्हणाली, “देवाला वायफाय लागत न्हाय, आपल्याला लागतंय. म्होरल्या साली पूजा वरच्या झाकणाला.” सुमित्रानं बटण सरकवलं आणि आक्काच्या घरचं वायफाय पडद्यावर आलं. पाडवा अजून लांब होता. दीर येऊन बघून गेले आणि पोत्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मला वाटलं, सुटलो. पण वर्षाच्या आतच त्या ड्रायव्हरवाल्यांच्या चर्चेत प्रश्न आला, की हे कार्ड आता कोण वापरतं? कुणी नसेल तर पुढच्या आवृत्तीतून हा ड्रायव्हर काढून टाकू. मी वाचून दाखवलं. आक्का तेव्हा आजारी होती, उशीला टेकून ऐकत होती. “लिही. आमी वापरतोय. शहापुरात. काढू नगासा.” मी म्हटलं, दोन ओळींनी काय होणार? त्यावर तिनं असं काही बघितलं, की मी मुकाट लिहिलं. वर “त्यास्नी अहो-जाहो करून लिही” हेही होतंच. त्यांचं उत्तर आलं, की वापरणारे आहेत तर राहू देऊ, पण कोडमध्ये बदल झाला की कुणीतरी खऱ्या कार्डावर चालवून बघायला हवं. “व्हय म्हण,” आक्का म्हणाली. दोनदा तिनं स्वतः बसून तपासलं, दुसऱ्यांदा तर सुनेचा दंड धरून गल्ली ओलांडून आली होती. ती तिची त्या खोलीतली शेवटची दुपार…

परवा पुन्हा मेल आला, तिच्या नावानं. नवा बदल झालाय, बेळगावच्या बाई तपासून सांगतील का? मेल घेऊन तडक शहापुरात गेलो. वर्ग भरलेला होता. बायकांना वाचून दाखवला तेव्हा कुणी डोळ्याला पदर लावला, कुणी नुसतीच पडद्याकडं बघत राहिली. सुमित्रा उठली. “द्या की सर, घालून बघूया.” मी एकेक आज्ञा वाचत गेलो, ती टाइप करत गेली. एकदा चुकली, स्वतःच दुरुस्त केलं. मशीन बंद होऊन चालू झालं आणि वायफाय लागलं.

तपासणाऱ्याचं नाव त्या कोडबरोबर कायमचं नोंदतात. उत्तर लिहिताना मी विचारलं, “नाव काय घालू?”

“आक्काचं घाला.”

“आक्कानं तपासलं नाही सुमित्रा. तू तपासलंस.”

तिनं लॅपटॉप माझ्या पुढ्यातून ओढून घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर तपासत, आपलं पूर्ण नाव स्वतःच टाइप केलं. “आता परत इचारलं तर सांगा सर,” ती म्हणाली, “वापरणारी हाय म्हणून.”